थंडीच्या देशाला जाताना

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. ‘लेकीचं बाळंतपण जानेवारीत आहे, कॅनडाला जायचंय, कपडे काय काय घेऊ?’ ‘मुलगा जर्मनीत शिकतो, नाताळात बोलावलंय, इथले स्वेटर पुरतील का?’ एका भगिनीने तर पत्रात एकच ओळ लिहिली आहे : ‘तिकडच्या बर्फात साडी चालते का हो?’

इतरांना यादी पाठवून भागलं असतं, पण या एका ओळीचं उत्तर यादीत मावणारं नाही. त्यासाठी आमच्या सासूबाईंची हकिगत सांगायला हवी, आणि त्यात माझ्याच चुका जास्त आहेत. त्या आधी सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाहीत.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत मी सासूबाईंना घेऊन टोरांटोला गेले होते. वन्संचं पहिलं बाळंतपण. सासूबाईंचं वय अडुसष्ट, विमानात कधी बसलेल्या नाहीत, मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. एकट्या कशा जाणार? ह्यांना रजा मिळेना. माझी शाळेतली नोकरी अर्ध्या वेळेची. मोठ्या बाईंनी पाच आठवड्यांची बिनपगारी रजा दिली, घर नि मुलं जाऊबाईंवर सोपवली आणि आम्ही दोघी निघालो.

एका विषयाची एक वही

तयारी मी अगदी झटून केली होती. दिवाळीनंतर पुण्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिथून दोघींना दोन-दोन जाड स्वेटर घेतले. अंगाबरोबर बसणारे थर्मल घेतले, लोकरीचे मोजे घेतले. गुडघ्याखालपर्यंत येणारे कोट नि बर्फातले बूट शेजारच्या काकूंनी दिले. त्यांचा मुलगा पूर्वी तिकडे होता, त्यामुळे त्यांच्याकडे घरच्यांचे जोड पडून होते.

दोघींच्या मिळून चार बॅगा. माझी शिक्षिकेची शिस्त! एका विषयाची एक वही. बाळंतिणीचं खाणं एका बॅगेत, बाळाचं दुसरीत, साड्या तिसरीत आणि थंडीचं झाडून सगळं चौथीत. प्रत्येक बॅगेवर चिठ्ठीसुद्धा चिकटवली. विमानात बसताना अंगावर साडी, स्वेटर, शाल आणि पायांत सुती मोजे नि कापडी बूट. म्हटलं, विमानतळावरून गाडीतून घरी, मग काय लागतंय?

विमान बदलताना वाटेत एक बॅग मागे राहिली. कुठली, ते तुम्ही ओळखलंच असेल. ‘तीन दिवसांत घरपोच येईल,’ असं सांगून त्यांनी हातात कागद दिला.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करा : थंडीचं सामान कधीही एका बॅगेत भरू नका. कोट हातावर घ्या, बूट पायांत घालूनच विमानात चढा. एक थर्मलचा जोड, एक लोकरीच्या मोज्यांचा जोड, कानटोपी नि हातमोजे हातातल्या पिशवीत ठेवा. बूट नि कोट यांचं वजन जास्त, ते अंगावर असले की बॅगेत दोन-तीन किलोंची जागाही होते. उरलेले कपडे दोन बॅगांत अर्धे-अर्धे करा. एक हरवली तरी दुसरीवर निभतं.

उणे आठ म्हणजे किती?

वन्संना अजून अडीच आठवडे अवकाश होता. पण आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या रात्री त्यांच्या पोटात दुखू लागलं. जावईबापू त्यांना घेऊन इस्पितळात गेले. दुपारी फोन आला : मुलगी झाली, दोघी सुखरूप.

सासूबाई देवापुढे साखर ठेवून लगेच निघायला तयार. बॅग अजून आलेली नव्हती. त्यांना वन्संचं जॅकेट चढवलं, पण वन्संचे बूट त्यांना दोन नंबर लहान. मग तेच कापडी बूट. मी मोबाइलवर पाहिलं, बाहेर उणे आठ. जावई म्हणाले होते की इथल्या मानानं आज काहीच नाही. टॅक्सीत तर छान ऊब होती.

टॅक्सीवाल्यानं इस्पितळाच्या भलत्याच दाराशी सोडलं. मुख्य दार शोधत आम्ही वळसा घालून निघालो. रस्त्यावर मीठ टाकून बर्फ वितळवलेलं असतं, त्याचा राखाडी चिखल झाला होता. पाच मिनिटांत कापडी बूट ओलेचिंब. वारा असा, की शाल अंगावर ठरेना. पंधरा-वीस मिनिटांनी दार सापडलं तेव्हा सासूबाईंच्या साडीचा काठ वाळवणाच्या पापडासारखा कडक झाला होता आणि त्या म्हणाल्या, “माझी बोटं कुठं आहेत ते कळत नाही गं.”

मोजे काढले तर पायांची बोटं पांढरीफटक, मेणासारखी. मी घाबरून खाली बसले आणि दोन्ही हातांनी चोळायला लागले. आपल्याकडे कुणी गारठलं की आपण हेच करतो ना? तेवढ्यात एक नर्स धावत आली आणि तिनं माझे हात धरून बाजूला केले.

तिनं सांगितलेलं सगळं मी नंतर वहीत लिहून ठेवलं. तुम्हीही ठेवा. थंडीनं बधिर झालेली बोटं चोळायची नाहीत. आतली नाजूक कातडी दुखावते. शेकायचीही नाहीत, हीटरजवळ धरायची नाहीत, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. कारण बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजतं. ओले मोजे-बूट आधी काढायचे. पाय कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचे. कोमट म्हणजे तान्ह्या बाळाला घालतो तेवढं, कोपर बुडवून पाहावं. रंग परत येताना मुंग्या येतात, ठणकतं, ते चांगलं लक्षण. रंग आला नाही, फोड आले, कातडी कडक राहिली, तर तडक डॉक्टर.

सासूबाईंचा रंग परत आला. थोडक्यात निभावलं. पण आपल्या लेकीच्या लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं ते तासाभरानं, पायांत इस्पितळाचे मोजे घालून. “पायांपायी एक तास गेला बघ,” एवढंच म्हणाल्या. मला मात्र तो तास अजून टोचतो. बॅग मी भरली होती.

त्या दिवशी एक शिकले. नुसता पारा पाहायचा नाही, वारा पाहायचा. उणे आठ अंश असलं आणि ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ते उणे अठरा असल्यासारखं लागतं. तिकडच्या हवामानाच्या अंदाजात हा ‘जाणवणारा’ आकडा वेगळा दिलेला असतो. बाहेर पडताना तोच बघावा. तो उणे अठ्ठावीसच्या खाली गेला, की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. वाऱ्याच्या जोडीला ओल आली तर पारा फारसा उतरलेला नसतानाही पाय दगा देतात. आमचं तेच झालं.

खिडकीतले आठ दिवस

तिसऱ्या दिवशी बॅग आली. वन्सं नि बाळ घरी आल्या. मी सासूबाईंपुढे सगळा पसारा मांडला : हे थर्मल, ही जाड पँट, हे मोजे, हे बूट. त्यांनी पँटकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“मी नाही बाई घालायची.”

मी समजावलं. वन्संनी समजावलं. इथं कोण ओळखीचं आहे, कोण बघतंय, सगळ्या बायका घालतात. “बघण्याचं नाही गं,” त्या म्हणायच्या, “मलाच मी परकी वाटते.” पायांची धास्तीही बसली होती. बाळाला दोन दिवसांनी डॉक्टरांकडे दाखवायला न्यायचं होतं, त्या गेल्या नाहीत. सकाळी बाळाला अंघोळ घालायची, बाळंतिणीचं करायचं आणि दुपारभर खिडकीशी बसून बाहेरचं पांढरं बघायचं. असे आठ दिवस गेले. तिकडे जानेवारीत पाच-साडेपाचलाच अंधारून येतं. अंधार पडला की त्या हळूच विचारायच्या, “आता आपल्याकडे किती वाजले असतील?” साडेदहा तासांचा फरक मी रोज नव्यानं सांगायची.

आठव्या दिवशी बाळाची दुसरी तपासणी. त्या पुन्हा ‘नाही’ म्हणाल्या आणि माझा तोल गेला. “आई, बारा हजार किलोमीटर येऊन खिडकीतच बसायचं होतं, तर पुण्यात काय खिडक्या नव्हत्या?” वर्गात मुलांवर चढवते तो आवाज मी घरात चढवला. त्या काही बोलल्या नाहीत. मी बाळाची पिशवी उचलून निघून गेले आणि वाटभर माझं मन मला खात राहिलं.

घोंगडी

संध्याकाळी परतले, तर सासूबाई पलंगावर ते थर्मल मांडून बसल्या होत्या. दोन बोटांत कापड चोळून पाहत होत्या.

“हे कशाचं आहे गं?”

“लोकरीचं, आई. मेरिनो म्हणून मेंढीची जात आहे, तिची लोकर मऊ असते. टोचत नाही.”

“लोकरीचं? मग ही घोंगडीच की!”

सासूबाईंचं माहेर माण तालुक्यातलं. दुष्काळी मुलूख, पण पाऊस आला म्हणजे त्यांचे वडील डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन शेतावर जायचे. घोंगडी वरून निथळायची, आत माणूस उबेला. आणि धोतर भिजलं की मात्र दातावर दात वाजायचे. “लोकर भिजली तरी धीर सोडत नाही,” त्या म्हणाल्या, “सुती भिजलं की वैरी. त्या दिवशी पायांत तू मला सुती मोजे दिलेस गं!”

दुकानदारानं अर्धा तास समजावलेलं, मोबाइलवर वाचलेलं सगळं सासूबाईंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. थंडीतल्या कपड्यांचं मर्म तेवढंच आहे. ते जरा उकलून सांगते.

ऊब कपड्यात नसते, ती आपल्या अंगाची असते. कपडा फक्त ती अडवून धरतो, आणि अडवायचं काम करते ती दोन कपड्यांमधली कोंडलेली हवा. म्हणून एका जाडजूड स्वेटरपेक्षा तीन पातळ-मध्यम थर बरे.

*पहिला थर अंगालगतचा.* त्याचं काम घाम टिपून बाहेर सोडायचं. हा लोकरीचा किंवा थर्मलच्या कृत्रिम धाग्याचा हवा, सुती मुळीच नको. चालताना घाम येतोच, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलात की तेच ओलं कापड अंगाला गार लागतं.

*दुसरा थर उबेचा.* लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचं जाकीट. तिबेटी दुकानातला स्वेटर इथे उपयोगी पडतो. तो जरा सैल असावा. घट्ट असला तर हवेला जागा राहत नाही.

*तिसरा थर वाऱ्या-पाण्याचा.* कोट किंवा जॅकेट, ज्यातून वारा शिरणार नाही आणि पाणी झिरपणार नाही. बायकांनी तो मांड्या झाकणारा, जमल्यास गुडघ्याखाली येणारा घ्यावा. टोपी जोडलेली असावी. पिसं भरलेला कोट हलका नि फार ऊबदार, पण भिजला की बसतो. ओलसर हवेच्या गावी कृत्रिम भरणीचा बरा.

थरांचा दुसरा फायदा असा, की ते काढता येतात. तिकडे घरं, दुकानं, बस सगळं गरम केलेलं असतं. आत शिरलात की कोट उघडा, टोपी काढा. ‘काढलं तर सर्दी होईल’ म्हणून गुरफटून बसलात, तर घामाघूम व्हाल आणि तसंच ओल्या अंगानं थंडीत बाहेर याल.

तर, साडी चालते का?

घोंगडीची गोष्ट सांगून झाल्यावर सासूबाई उठल्या आणि त्यांनी त्यांच्या बॅगेच्या तळातून एक पातळ काढलं. माझ्या आजेसासूबाईंचं जुनं सुती नऊवारी, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. बाळाची दुपटी करायला म्हणून त्यांनी ते आणलं होतं.

“आतून ही तुझी घोंगडीची चड्डी घालते,” त्या म्हणाल्या, “आणि वरून कासोटा घालून हे नेसते. मग तर झालं?”

मी बघतच राहिले. त्या रोज पाचवारी नेसणाऱ्या, पण लहानपणापासून आईला, सासूला नऊवारीत पाहिलेलं. दहा मिनिटांत नेसून उभ्या राहिल्या. आत लोकरीचं थर्मल, परकर नाहीच, त्यावर नऊवारीचा दुहेरी-तिहेरी वेढा. दोन्ही पाय मोकळे. काठ पोटरीपर्यंत, त्याखाली लगेच बुटाचा गळा. वर पूर्ण बाह्यांचं थर्मल, त्यावर स्वेटर, पदर खोचून कोटाच्या आत. जमिनीला टेकणारं काही नाही, वाऱ्यानं उडणारं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन असताना, आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. पंधरा मिनिटं. परत आल्यावर त्यांनी स्वतःच मोजे काढून बोटं दाबून पाहिली, ऊबदार होती. मग रोजचाच नेम झाला. पुढच्या तपासणीला बाळाला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत आजीबाई सगळ्यांच्या पुढे!

मी त्यांची माफी मागितली. त्यावर त्या हसून म्हणाल्या, “तू थंडीचं बघत होतीस, माझं बघत नव्हतीस.”

तेव्हा ‘साडी चालते का’ विचारणाऱ्या भगिनींनो, चालते. दोन नियम पाळायचे : अंगालगत सुती नको आणि काठ जमिनीला टेकायला नको. नऊवारीची सवय नसेल तर पाचवारी घोट्याच्या चार बोटं वर नेसा. सुती परकराऐवजी आत थर्मल आणि त्यावर अस्तराची जाड लेगिंग घाला. तिच्या इलॅस्टिकमध्ये निऱ्या छान बसतात. खळीच्या सुती साड्या घरीच ठेवा. ब्लाउजऐवजी पूर्ण बाह्यांचं थर्मल किंवा स्वेटर-ब्लाउज. बर्फ उडालं असेल तर घरात शिरण्याआधी दारातच झटकून टाका, आत गेल्यावर ते वितळतं. आणि ज्यांना पँट चालते त्यांनी खुशाल पँट घालावी. मी घातली, सोयीची आहे. पण सत्तरीच्या बाईला दोन दिवसांत बदलायला लावू नका. तिच्या सवयीतून वाट काढा, ती निघते.

पाय, हात नि दागिने

बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्यावेत. आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटांत मोज्यांचे दोन जोड कोंबले, तर रक्त फिरत नाही आणि पाय उलट लवकर गारठतात. एकच जाड लोकरीचा मोजा पुरे. तळ रबरी आणि खोल खाचांचा हवा. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एका घरात नि अंगठा वेगळा असे हातमोजे जास्त ऊब देतात. नाका-तोंडावरून घ्यायला मफलर किंवा लोकरीची पट्टी असावी.

जोडवी प्रवासाला निघतानाच काढून ठेवा. विमानात पाय सुजतात आणि बुटांत जोडवी रुततात, हा माझा अनुभव. घट्ट अंगठ्यांचंही तेच. कानातलं टोपीखाली, मंगळसूत्र गळपट्टीच्या आत; धातू चटकन गार होतो.

बर्फावर चालायचं ते पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर चालतो तसं : पावलं लहान, पाऊल सपाट, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. रस्ता नुसता ओला, काळपट चकाकताना दिसला तरी तो बर्फाचा काचेसारखा थर असू शकतो. बुटांवर मिठाचे पांढरे डाग पडतात, ते पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले की जातात. तिथेही बूट दारातच काढतात, हे बघून सासूबाईंना फार समाधान वाटलं.

घराच्या आत

आतली हवा फार कोरडी असते. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, नाकात खपली धरते. अंघोळ झाल्याबरोबर, अंग ओलसर असतानाच क्रीम किंवा तेल लावावं. खोबरेल तेल पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, त्याची तोंड रुंद असलेली बाटली न्या. तहान लागत नाही, तरी पाणी पीत राहा. म्हाताऱ्या माणसांना आठवण करून द्यावी लागते. धुतलेले कपडे रात्री खोलीतच वाळत घातले, तर हवेला थोडी ओल येते.

आणखी एक गंमत. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या कोरड्या हवेत पायांना चिकटतात, चटचट आवाज येतो आणि दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. सासूबाईंना वाटलं, घरात विजेचं काहीतरी बिघडलंय. बाळाला उचलण्याआधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून यावं, म्हणजे तो झटका त्याला बसत नाही.

बाळाचंच निघालं म्हणून सांगते. मोटारीत बाळाला त्याच्या खास खुर्चीत बसवतात. जाड कोट घालून पट्टे बांधायचे नाहीत. कोट दबला की पट्टे सैल पडतात आणि धक्का लागला तर बाळ निसटू शकतं. साध्या कपड्यांवर पट्टे घट्ट बांधून वरून पांघरूण घालायचं. आजीच्या मायेला हे पटत नाही, पण ऐकायचं.

बॅग भरताना

बहुतेक तिकिटांवर २३ किलोंची एक किंवा दोन बॅगा नेता येतात. आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते आधी पाहून घरीच काट्यावर तोला. डिंकाचे लाडू वगैरे जरूर न्या, पण तिथे उतरल्यावर खाण्याच्या वस्तूंबद्दल विचारतात तेव्हा सगळं खरं सांगा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घेत नाहीत. तेलकट असल्यानं पेट घेण्याचं भय असतं. माझ्या बॅगेतून दोन किलो खोबरं मुंबईलाच उतरलं.

विकत काय कुठे घ्यायचं? थर्मल, मोजे, स्वेटर, कानटोप्या इथून न्या. कोट नि बूट मात्र शक्यतो तिकडेच. लेकीला आधीच उसने मागून ठेवायला सांगा किंवा जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणायला सांगा. एका हिवाळ्यासाठी हजारो रुपये घालू नका. पण मग विमानतळावर तिला ते घेऊनच यायला सांगा, आणि बूट तुमच्या मापाचे आहेत ना, हे फोनवर दोनदा विचारा.

एका माणसाला महिन्याभरासाठी एवढं पुरतं :

– थर्मलचे (वरचे-खालचे) तीन जोड
– लोकरीचे मोजे चार जोड
– स्वेटर किंवा फ्लीस दोन
– वारा-पाणी अडवणारा लांब कोट एक
– बर्फातले बूट एक जोड, घरात घालायला मऊ सपाता
– कान झाकणारी टोपी, मफलर, हातमोजे दोन जोड (एक हमखास हरवतो)
– घरात घालायचे नेहमीचे साधे कपडे; तिथे आत उन्हाळाच असतो
– ओठांना लावायचं मलम, क्रीम, खोबरेल
– नेहमीची औषधं पूर्ण मुदतीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत
– वडीलधाऱ्यांचा प्रवासी आरोग्य विमा. त्याचा कागद कुणाकडे आहे ते दोघांना ठाऊक असावं

हातातल्या पिशवीत तेल, क्रीम शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातच ठेवावी लागते, बॅगेत नाही.

मी फेब्रुवारीत परत आले, सासूबाई एप्रिलमध्ये. त्यांना विमानतळावर आणायला गेलो तेव्हा बॅगा अगदी हलक्या. कोट नि बूट वन्संकडेच ठेवून आल्या होत्या, ‘पुढच्या खेपेला लागतील’ म्हणून. मी नऊवारीची चौकशी केली, तर म्हणाल्या, “बर्फ वितळलं तशी त्याची सहा दुपटी केली. ज्याच्यासाठी नेलं होतं, ते राहायला नको.”

पुढच्या अंकात थंडीतल्याच दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : लोकरीचे कपडे घरी कसे धुवावेत आणि कसरीपासून कसे जपावेत. तुमच्याकडे आजी-पणजीची काही युक्ती असेल तर जरूर लिहून पाठवा.